सावलीच्या पट्ट्यात सहा मिनिटे: 2027 चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला जाणाऱ्यांसाठी

2 ऑगस्ट 2027 रोजी, आषाढ अमावास्येच्या सोमवारी, चंद्राची गडद सावली अटलांटिक महासागरावर पृथ्वीला टेकेल आणि जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरून पूर्वेकडे निघेल. स्पेनचे दक्षिण टोक, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन आणि सोमालिया ओलांडून ती हिंदी महासागरात पृथ्वीवरून उठेल. इजिप्तमधील लक्सर शहराच्या आसपास सूर्य 6 मिनिटे 23 सेकंदांपर्यंत पूर्ण झाकलेला राहील. भारतातून 22 जुलै 2009 रोजी दिसलेले खग्रास ग्रहण या शतकातील सर्वांत दीर्घ होते. महासागरावर त्याचा कमाल काळ 6 मिनिटे 39 सेकंद होता. त्यानंतर या शतकात सर्वांत दीर्घ खग्रास काळ देणारे ग्रहण 2027 चेच आहे, म्हणून महाराष्ट्रातील अनेक आकाशप्रेमी प्रवासाचा बेत आखू लागले आहेत. त्यांच्यासाठी, आणि खग्रास ग्रहण पूर्वी कधीही न पाहिलेल्यांसाठी, हा लेख आहे.

हा प्रवास इतर सहलींसारखा नाही. ताजमहाल आज पाहायचा राहिला तर उद्या पाहता येतो. सावली मात्र ठरल्या सेकंदाला येते आणि ठरल्या सेकंदाला जाते. ती चुकेल या धास्तीने माणसे घाई करतात, आणि डोळ्याला होणारी इजा, उन्हाचा त्रास, रस्त्यावरचे अपघात व यजमान गावाला होणारा उपद्रव यांपैकी बहुतेक गोष्टींच्या मुळाशी ही घाई असते. म्हणून पुढे जे लिहिले आहे, त्याचा बराचसा भाग घाई करण्याची वेळच येऊ नये यासाठी आधी काय ठरवावे याबद्दल आहे.

पट्ट्याच्या आत आणि पट्ट्याच्या बाहेर

सूर्य चंद्रापेक्षा सुमारे चारशे पट मोठा आहे आणि सुमारे चारशे पट दूरही आहे, म्हणून आकाशात दोघांची बिंबे जवळजवळ सारख्या आकाराची दिसतात. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वाधिक दूर असते, त्यामुळे ऑगस्टच्या आरंभी सूर्यबिंब किंचित लहान दिसते. चंद्र त्या दिवशी पृथ्वीच्या जवळ असल्याने त्याचे बिंब मोठे दिसेल. शिवाय सावली उष्ण प्रदेशावरून भर दुपारी जाणार आहे, आणि तेथे पृथ्वीचा पृष्ठभाग स्वतःभोवतीच्या फिरण्यामुळे सावलीच्याच दिशेने वेगाने सरकत असतो, म्हणून सावलीला आपल्याला ओलांडून जायला जास्त वेळ लागतो. या तीन कारणांच्या बेरजेतून सव्वासहा मिनिटांहून मोठा खग्रास काळ मिळतो. तरीही लक्सरच्या भागात सावलीचा वेग ताशी सुमारे 2,400 किलोमीटर असेल, म्हणजे मोटारीने तिचा पाठलाग करता येणार नाही.

या गडद सावलीला प्रच्छाया म्हणतात. तिचा पट्टा इजिप्तमध्ये सुमारे 258 किलोमीटर रुंद असेल. पट्ट्याबाहेर दोन्ही बाजूंना हजारो किलोमीटरपर्यंत फिकट सावली, म्हणजे उपच्छाया, पसरलेली असते आणि तेथून खंडग्रास ग्रहण दिसते. त्याच दुपारी पश्चिम भारतातूनही सूर्याचा थोडासा भाग झाकलेला दिसेल, अर्थात ऑगस्टमधील ढगांनी वाट दिली तर.

बेत आखताना सर्वांत जास्त फसगत याच ठिकाणी होते. सूर्य 99 टक्के झाकला जाणार असेल तर खग्रासचा 99 टक्के अनुभव मिळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते खरे नाही. सूर्य पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. त्याचा एक टक्का उरला तरी तो पूर्ण चंद्राच्या चार हजार पट तेजस्वी असतो. उलट सूर्याभोवतीचे प्रभामंडल, म्हणजे ज्या मोतिया झळाळीसाठी माणसे सातासमुद्रापार जातात ती, साधारण पूर्ण चंद्राइतकीच तेजस्वी असते. सूर्याची बारीकशी कड उघडी असेल तर प्रभामंडल डोळ्यांना दिसत नाही, दिवसा तारे दिसत नाहीत, क्षितिजावर चारही बाजूंनी संधिप्रकाश पसरत नाही, आणि चष्मा काढण्याची मुभाही मिळत नाही. कैरो आणि गिझाचे पिरॅमिड पट्ट्याच्या बाहेर आहेत. पिरॅमिडच्या पार्श्वभूमीवर खग्रास पाहण्याचे आश्वासन देणारी जाहिरात दिसली, तर ती देणाऱ्याला ग्रहण समजलेले नाही असे खुशाल समजावे.

पट्ट्याच्या आत शिरल्यावर अगदी मध्यरेषेवर उभे राहण्याचा हट्ट मात्र करू नये, आणि यामागचे गणित सोपे आहे. सावली जवळजवळ वर्तुळाकार असते आणि ती आपल्या अंगावरून एका जीवेच्या रेषेत जाते. वर्तुळाच्या मध्यातून जाणारी जीवा सर्वांत लांब असते, पण मध्यापासून थोडे बाजूला सरकले तर तिची लांबी फारशी घटत नाही. मध्यरेषा आणि पट्ट्याची कड यांच्या बरोबर मधोमध, म्हणजे मध्यरेषेपासून सुमारे 65 किलोमीटर दूर, उभे राहिले तरी 87 टक्के काळ मिळतो. लक्सरच्या हिशेबाने तो साडेपाच मिनिटांहून थोडा अधिक होतो. कडेच्या दिशेने नव्वद टक्के अंतर गेल्यावर मात्र तो पावणेतीन मिनिटांवर येतो, आणि त्यापुढे झपाट्याने संपतो. तेव्हा कडेपासून आत राहावे आणि मध्यरेषेवर गर्दी करू नये. उन्हापासून आडोसा, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि परतीचा सोपा रस्ता असलेली जागा अर्धे मिनिट कमी देत असेल, तर मी तीच निवडीन. केना, सोहाग, असियुत ही नाईलकाठची गावेही पट्ट्यात आहेत, त्यामुळे सगळ्यांनी लक्सरलाच जाण्याची गरज नाही.

देश कोणता निवडावा

सर्वांत दीर्घ काळ कोठे आहे, या एकाच प्रश्नावर देश निवडणे शहाणपणाचे नाही. पट्ट्यातील लिबिया, येमेन आणि सोमालिया येथील अशांततेमुळे हौशी प्रवाशांनी तेथे जाण्याचा विचार करू नये. मक्का शहर पट्ट्यात आहे, पण तेथे मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. जेद्दा शहरातून सुमारे सहा मिनिटांचे खग्रास दिसेल. रत्नागिरी-रायगडकडून नोकरीनिमित्त सौदीत गेलेल्या हजारो कुटुंबांपैकी जे त्या भागात राहतात, त्यांना ते दाराशीच आहे. स्पेनमध्ये रस्ते, दवाखाने आणि सार्वजनिक वाहतूक उत्तम आहे, पण तेथे पट्ट्याची कड जवळ असल्याने गावागणिक काळ बदलतो. मालागा शहरात दोन मिनिटांहून कमी, तर सामुद्रधुनीच्या टोकावरील तरीफा येथे सुमारे साडेचार मिनिटे मिळतील. स्पेनसाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि उन्हाळ्यात त्याच्या मुलाखतीची वेळ मिळणे अवघड होते, म्हणून अर्ज लवकर करावा.

ढगांचा विचार केला तर इजिप्तचा नाईलकाठ सर्वांत भरवशाचा आहे, कारण ऑगस्टमध्ये तेथील आकाश बहुधा निरभ्र असते. याचे मोल आपल्याला चांगले माहीत आहे. 11 ऑगस्ट 1999 च्या ग्रहणाचा पट्टा गुजरातमधून गेला, पण पावसाळी ढगांनी बहुतेकांची निराशा केली. 2009 साली बिहारमधील तारेगना येथे हजारो लोक जमले आणि ढगांखाली अंधार तेवढा अनुभवून परतले, तर वाराणसीच्या घाटांवरून ग्रहण दिसले. त्याच वाराणसीत स्नानाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन एका महिलेचा जीव गेला, हेही विसरू नये. ढगांची धास्ती असते तेव्हा माणसे आयत्या वेळी शंभर-दोनशे किलोमीटर गाडी पळवतात. लक्सरच्या भागात ती धास्ती कमी असल्याने तसे पळण्याचे कारण उरत नाही, आणि या जागेचा सुरक्षिततेच्या दृष्टीने हा मोठाच फायदा आहे. मुक्कामाच्या जागेवरूनच, किंवा तेथून चालत जाता येईल अशा ठिकाणाहून, ग्रहण पाहण्याची योजना करावी.

सहल कंपनीबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न लेखी विचारावेत. ग्रहणाच्या दुपारी आम्ही नेमके कोणत्या जागी उभे असू? ती जागा मुक्कामापासून किती दूर आहे? तेथे सावलीसाठी मांडव, पाणी आणि स्वच्छतागृह आहे का? गटासोबत डॉक्टर आहे का? हॉटेलने आरक्षण रद्द केले तर काय होईल? शेवटचा प्रश्न उगाच नाही. मोठ्या ग्रहणांच्या वेळी खोल्यांचे भाव चढतात आणि स्वस्तात दिलेली जुनी आरक्षणे रद्द होण्याचे प्रकार घडतात, म्हणून आरक्षणाची लेखी खातरजमा जवळ असावी. नाईलवरील बोटीत मुक्काम असेल तर त्या दुपारी बोट नदीच्या कोणत्या टप्प्यात असेल, हे नकाशावर दाखवून घ्यावे. पासपोर्टची मुदत, व्हिसाचे त्या वेळचे नियम आणि भारतीय दूतावासाच्या सूचना निघण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहाव्यात, आणि रुग्णाला परत आणण्याचा खर्च धरणारा प्रवासविमा काढावा.

सामानाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. इजिप्तमध्ये परवानगीशिवाय ड्रोन नेता येत नाही. दुर्बीण, मोठी दूरदर्शी किंवा व्यावसायिक दिसणारा कॅमेरा नेणार असाल तर त्याबद्दलही आधी चौकशी करून कागदपत्र जवळ ठेवावे. वर्षभर जपलेली दुर्बीण विमानतळावर अडकण्यापेक्षा ती घरी ठेवलेली बरी.

ऊन हा खरा धोका

ग्रहणाच्या सूचनांमध्ये डोळ्यांबद्दल पुष्कळ लिहिले जाते आणि उन्हाबद्दल एखादे वाक्य असते. या ग्रहणासाठी तो क्रम बदलायला हवा. लक्सरला ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान सर्वसाधारणपणे 40 अंशांच्या घरात असते. ग्रहणाचा मध्य स्थानिक वेळेनुसार दुपारी एकच्या सुमारास आहे, आणि तेव्हा सूर्य क्षितिजापासून सुमारे 82 अंश वर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असेल. स्पर्शापासून मोक्षापर्यंत, म्हणजे ग्रहण लागल्यापासून पूर्ण सुटेपर्यंत, हा सोहळा पावणेतीन तासांच्या आसपास चालतो. त्यातील सहा मिनिटे सोडली तर उरलेला सर्व वेळ उघड्या उन्हाचा आहे. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी पावणेतीन तास गच्चीवर उभे राहायचे आहे असे समजावे, म्हणजे तयारी कशी करायची ते आपोआप सुचेल.

खग्रासच्या आधी हवा हळूहळू गार होऊ लागते, तापमान काही अंशांनी उतरते, आणि आपण बरे आहोत असे वाटू लागते. पण तोपर्यंतच्या सव्वा तासात शरीराने पाणी गमावलेले असते. म्हणून स्पर्शाच्या क्षणापासून उन्हात बसू नये. मांडवात किंवा खोलीत थांबावे, दर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर येऊन चष्म्यातून सूर्याचा चावा कितपत वाढला ते पाहावे आणि परत सावलीत जावे. खग्रासच्या पंधरा मिनिटे आधी सर्वांनी बाहेर यावे, तेवढे पुरेसे होते. सूर्य डोक्यावर असल्याने मान मागे टाकून पाहणे त्रासाचे आहे आणि वयस्कांना त्याने चक्कर येऊ शकते. जमिनीवर जाड चटई अंथरून आडवे पडून पाहणे सर्वांत सुखाचे. वाळू आणि फरशी चटका देण्याइतकी तापलेली असते, म्हणून चटई जाडच हवी.

पाण्यासोबत जलसंजीवनीची पाकिटे न्यावीत, सुती सैल कपडे, रुंद काठाची टोपी आणि ओला करता येईल असा पंचा जवळ असावा. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकाराची औषधे घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना उष्ण हवामानाची कल्पना द्यावी, कारण काही औषधांमुळे शरीरातील पाणी लवकर कमी होते. कोणी असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला, अंग तापले आणि घाम थांबला, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी ग्रहणाची मिनिटे मोजत बसू नये. त्या व्यक्तीला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी. आपल्या गटातील कोणी दोघे या कामाचे, असे आधी ठरवलेले असावे.

गर्भवती महिलांनी ग्रहण पाहू नये, असे आपल्याकडे अजूनही घराघरांत सांगितले जाते. ग्रहणात सूर्यापासून एरवी येत नाही असे काहीही येत नाही, त्यामुळे गर्भाला ग्रहणापासून धोका नाही. परंतु 40 अंशांच्या उन्हात लांबचा प्रवास गर्भवतीने करावा की नाही, हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे, आणि तो तिने डॉक्टरांशी बोलून ठरवावा.

डोळे: चष्मा केव्हा लावायचा आणि केव्हा काढायचा

डोळ्यातील भिंग सूर्याची प्रतिमा दृष्टिपटलावर एका बिंदूत एकवटते. तेथे वेदना जाणवून देणारे मज्जातंतू नाहीत, म्हणून पटल भाजत असताना काहीच दुखत नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वाचताना नेमके मधले अक्षर पुसट दिसते तेव्हा कळते, आणि ते नुकसान कधीकधी कायमचे असते. एरवी सूर्याकडे नजर टिकत नाही, डोळे आपोआप मिटतात. खंडग्रास अवस्थेत एकूण उजेड कमी झाल्याने ते मिटत नाहीत, पण उरलेल्या कोरीचे तेज मात्र पूर्वीइतकेच तीव्र असते.

आयएसओ 12312-2 या मानकाचा चष्मा वापरावा. हा आकडा कोणीही छापू शकतो, म्हणून अनोळखी विक्रेत्याकडून न घेता तारांगण किंवा पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचे खगोल मंडळ यांसारख्या जाणत्या संस्थांकडे चौकशी करून घ्यावा. चांगल्या चष्म्यातून खोलीतील वस्तू, रस्ता, माणसे काहीच दिसत नाही. केवळ सूर्य, तोही डोळ्यांना न खुपणारा दिसतो. ओरखडा, घडी किंवा टाचणीएवढे छिद्र असलेला चष्मा टाकून द्यावा. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, सीडी, गॉगल, परातीतील पाण्यात दिसणारे प्रतिबिंब हे सगळे आपल्या घरांत वापरले गेले आहे आणि यांतील काहीही सुरक्षित नाही. ग्रहणचष्मा लावून दुर्बिणीतून तर कधीच पाहू नये, कारण दुर्बिणीने एकवटलेला प्रकाश चष्म्याची फिल्म क्षणात जाळतो. दुर्बिणीला गाळणी लावायची ती पुढच्या, सूर्याकडील बाजूला, आणि घट्ट. ज्यांना याचा सराव नाही त्यांनी दुर्बीण नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लहान मुलांसाठी स्वयंपाकघरातील भोकांची चाळणी न्यावी. तिची सावली पांढऱ्या कागदावर पाडली की प्रत्येक भोकाखाली एकेक कोर उमटते आणि कोणालाही सूर्याकडे पाहावे लागत नाही.

पंचांगात ग्रहणाचे स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष असे पाच क्षण दिलेले असतात. यांतील संमीलन म्हणजे सूर्य पूर्ण झाकला जातो तो क्षण, आणि उन्मीलन म्हणजे तो पुन्हा उघडू लागतो तो क्षण. हे शब्द चष्म्याचा नियम सांगण्यासाठी फार उपयोगी आहेत. स्पर्शापासून संमीलनापर्यंत चष्मा डोळ्यांवर हवा. संमीलनाच्या वेळी चंद्राच्या कडेवरील दऱ्यांमधून शेवटचा प्रकाश मण्यांसारखा झिरपतो, मग एकच मणी उरून हिऱ्याची अंगठी दिसते, आणि ती विझली की चष्म्यातून पूर्ण अंधार होतो. तेव्हा चष्मा काढावा. संमीलनापासून उन्मीलनापर्यंत नुसत्या डोळ्यांनी पाहणे सुरक्षित आहे, आणि पाहायलाच हवे. भीतीपोटी सहाही मिनिटे चष्मा लावून बसणाऱ्याला काळोखाशिवाय काहीच दिसणार नाही.

या ग्रहणात जास्त जपावे लागेल ते उन्मीलनाच्या वेळी. सहा मिनिटांच्या अंधारात डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात, त्यामुळे परत येणाऱ्या सूर्याचा पहिला किरण एरवीपेक्षा मोठ्या दारातून आत शिरतो. आपल्या जागेचा खग्रास काळ आधी पाहून ठेवावा आणि तो संपण्यापूर्वी वीस सेकंद वाजेल असा गजर घड्याळात लावावा. गजर वाजला की चंद्राच्या एका कडेला वर्णगोल, म्हणजे सूर्याचा गुलाबी दिसणारा पातळ थर, उजळताना दिसेल. तेव्हा चष्मा हातात, आणि हिरा चमकताच डोळ्यांवर. मुलांच्या चष्म्याची जबाबदारी एकेका मोठ्या माणसाने नावानिशी घ्यावी.

छायाचित्रांबद्दल एवढेच सांगतो की, पहिले खग्रास डोळ्यांनी पाहावे. फ्लॅश बंद करावा, कारण त्याने शेजाऱ्याची अंधाराला सरावलेली नजर बिघडते. हॉटेलच्या आवारातील दिवे अंधार पडताच आपोआप लागत असतील तर ते त्या वेळेपुरते बंद ठेवण्याची विनंती आदल्या दिवशीच करावी.

पाहुणे म्हणून जाताना

22 जानेवारी 1898 रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावरून भारतात शिरला. त्या वेळी इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आपल्या चमूसह विजयदुर्गला आले होते आणि आरमारी जहाजावरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. किल्ल्यातील चौथऱ्यांना आजही साहेबाचे ओटे म्हणतात. सोलापूरकडील जेऊर येथे पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आणि कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचा चमू यांनी आपापली उपकरणे मांडली होती. त्या साली जग आपल्या गावांत आले होते. 2027 साली आपण दुसऱ्यांच्या गावांत जाणार आहोत, आणि ते गाव त्या आठवड्यात आपल्यासारख्या असंख्य पाहुण्यांना पाणी, वीज, अन्न आणि दवाखाना पुरवणार आहे.

इस्लाममध्ये सूर्यग्रहणाच्या वेळी विशेष नमाज पढण्याची परंपरा आहे. पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण झाले होते. लोक दोन्ही घटनांचा संबंध जोडू लागले, तेव्हा कोणाच्या मृत्यूमुळे वा जन्मामुळे सूर्यचंद्रांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी सांगितल्याची नोंद हदीसमध्ये आहे. नाईलकाठच्या गावांत त्या दुपारी मशिदींमध्ये गर्दी असेल. मशिदींच्या दारात तिपाया उभारू नयेत, प्रार्थनेच्या वेळी आरडाओरडा करू नये, अंग झाकणारे कपडे घालावेत आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र घेऊ नये. आपल्याकडे ग्रहण सुटताना दे दान सुटे गिराण अशी आरोळी ऐकू येत असे. कोणाला ती आठवेलही. प्रत्येक समाजाने या अंधाराला आपापल्या परीने उत्तर दिलेले आहे, ते आदराने पाहावे.

सोबत नेण्यासारखी सर्वांत चांगली भेट म्हणजे जास्तीचे चष्मे. दहा जणांच्या गटाने पन्नास चष्मे नेले तर वजन नगण्य वाढते. गाडीचा चालक, खोली झाडणारा कामगार, चहा आणून देणारा मुलगा, बोटीवरचा आचारी यांच्या डोक्यावरूनही तीच सावली जाणार आहे, आणि कामाच्या घाईत ते उघड्या डोळ्यांनी वर पाहण्याची शक्यता सर्वाधिक असते. चष्मे एक दिवस आधी द्यावेत, केव्हा लावायचा व केव्हा काढायचा ते खुणांनी आणि दुभाष्याच्या मदतीने समजावून सांगावे, आणि त्या सहा मिनिटांसाठी त्यांना कामातून मोकळे ठेवावे. रस्त्यावर असलेल्या चालकाला तर खग्रासच्या काळात गाडी चालवायला लावूच नये.

लक्सरजवळील कर्नाकच्या मंदिरातील किंवा राजांच्या दरीतील साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या भिंतींवर चढून जागा पकडणे, वाळवंटात गाड्या नेऊन नव्या चाकोऱ्या पाडणे आणि पाण्याच्या बाटल्या तेथेच सोडणे या गोष्टी करू नयेत हे वेगळे सांगायला नको. मोठ्या टाकीतून पाणी भरून घेतले तर बाटल्यांचा ढीगच होत नाही. खरेदी तेथल्या छोट्या दुकानांतून करावी आणि घासाघीस करताना समोरच्याचेही पोट त्यावर आहे हे लक्षात ठेवावे.

मोक्षापर्यंत थांबावे. अमेरिकेत 2017 आणि 2024 च्या ग्रहणांच्या वेळी लोक दोन-तीन दिवसांत हळूहळू जमले, पण खग्रास संपताच सगळे एकदम निघाले आणि काही तासांचे रस्ते रात्रभर तुंबून राहिले. लक्सरहून कैरो साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेव्हा त्या संध्याकाळचे विमान किंवा गाडी न धरता एक मुक्काम जास्त ठेवावा, आणि दुपार जेवून, झोपून, आपण काय पाहिले ते लिहून काढण्यात घालवावी. दुसऱ्या दिवशी कोणाला नजरेच्या मध्यभागी डाग दिसत असेल किंवा सरळ रेषा वाकडी दिसत असेल, तर घरी परतेपर्यंत न थांबता नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

वाटलेले चष्मे धड असतील आणि ज्यांना दिले त्यांना नको असतील, तर परत घेऊन पाकिटात सपाट ठेवावेत. 22 जुलै 2028 रोजी खग्रासचा पट्टा ऑस्ट्रेलियातील सिडनीवरून जाणार आहे आणि तेथील मराठी मंडळींना ते उपयोगी पडतील. 20 मार्च 2034 रोजी तो काश्मीर आणि लडाखमधून जाईल. तोवर फिल्म शाबूत राहिली आहे का, हे प्रत्येक वेळी दिव्यासमोर धरून तपासावे.